विहिरीत सापडलेला हिरा

शाळा सुटायच्या वेळी नववीतला एक मुलगा आमच्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. त्याने दप्तरातून जेवणाचा डबा काढला. डबा उघडला तर आत भाकरी नव्हती, फडक्यात गुंडाळलेला एक दगड होता. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने हळूच विचारले, ‘‘सर, देखो ना, ये हिरा है क्या?’’

दगड मुठीएवढा होता. खालची बाजू काळी, खडबडीत, आमच्या लोह्याच्या कोणत्याही बांधावर पडलेल्या दगडासारखी. वरची बाजू मात्र पाहतच राहावी अशी होती. दुधात चिमूटभर केशर टाकल्यावर येतो तसा रंग, आणि त्या रंगाचे लहान-लहान स्फटिक. ज्वारीची पेंढी मधोमध आवळून बांधली की दोन्ही टोकांना फुलते, अगदी तसा प्रत्येकाचा आकार. त्यांच्यामध्ये काचेसारखे स्वच्छ, पैलू पाडल्यासारखे आणखी दोन-तीन खडे. आम्ही तो खिडकीच्या उजेडात धरला आणि नकळत तोंडून ‘सुब्हानल्लाह’ निघाले. नंतर लक्षात आले की एका बाजूने तो ताजा फुटलेला आहे. घणाचा घाव स्पष्ट दिसत होता.

मुलाने सगळी हकीकत सांगितली. त्याचे अब्बा विहिरी खोदणाऱ्या टोळीत काम करतात. चौघे मिळून गुत्त्याने काम घेतात. या वेळी एका शेतात सहा परस खाली गेल्यावर सुरुंग उडवला, मलबा वर काढला आणि कडेच्या खडकात एक पोकळी उघडी पडली. आत उजेड पडताच सगळे चमकू लागले. चौघांनी एकमेकांकडे पाहिले. हिरे! ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असे ठरले. मग प्रश्न आला वाटणीचा. चौघेही इमानदार माणसे. कोणाला कमी नको, कोणाला जास्त नको. म्हणून त्यांनी तो परातीएवढा सबंध दगड घण घालून चार भागांत फोडला, चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला तो त्याने घरी नेला.

अंगठीचे खडे विकणाऱ्या एका फिरत्या माणसाने त्यातला एक तुकडा पाहिला होता. त्याने पाचशे रुपये देऊ केले आणि वर सांगितले, ‘‘हा बरकतीचा दगड आहे, दुसऱ्या कोणाला दाखवू नका, नजर लागते.’’ त्यामुळे चौघांची खात्रीच पटली. मुलाच्या अम्मीने मनातल्या मनात हिशोब सुरू केला होता. आधी बचत गटाचे कर्ज, मग मोठ्या मुलीचे लग्न.

आम्हाला काही सुचेना. तो हिरा नाही एवढे आम्हाला कळत होते, पण नक्की काय आहे ते सांगता येत नव्हते. उर्दू आणि मराठी शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली. ज्या खडकावर ही शाळा उभी आहे त्याच्याविषयी आपल्याला चार वाक्येही सांगता येत नाहीत, याची त्या दिवशी लाज वाटली. आम्ही मुलाला म्हटले, ‘‘बेटा, उद्या सांगतो.’’ नांदेडला भूशास्त्र शिकवणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांना फोनवरून छायाचित्रे पाठवली. रात्री त्यांचे उत्तर आले. केशरी पेंढ्या म्हणजे स्टिल्बाइट आणि काचेसारखे खडे म्हणजे अपोफिलाइट. मग ते बराच वेळ बोलत राहिले आणि आम्ही वही घेऊन विद्यार्थ्यासारखे लिहून घेत राहिलो. त्यांच्याकडून जे समजले आणि नंतर जे वाचले, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो.

आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर साचत गेले. आजही असा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच वसला आहे. लाव्हा थंड होताना आतला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. सगळेच बुडबुडे बाहेर पडू शकत नाहीत, काही आतच अडकतात. जाळीदार अनारशाला किंवा पावाला आतून जशी भोके दिसतात तशी भोके खडकात राहून जातात. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या दगड म्हणतात तो हाच.

पुढे या पोकळ्यांमधून गरम पाणी झिरपते. त्या पाण्यात खडकातूनच विरघळलेले सिलिका, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम असे पदार्थ असतात. खडीसाखरेच्या पाकात दोरा सोडून ठेवला की साखरेचे खडे हळूहळू दोऱ्याला धरतात, तसेच पोकळीच्या भिंतींवर हे पदार्थ कण-कण करून जमा होतात. जागा मोकळी असली, घाई नसली, तर प्रत्येक कण आपापल्या जागी बसतो आणि कोणी पैलू न पाडताही पैलू तयार होतात. अंधारात, खडकाच्या पोटात, जिथे पाहणारा कोणी नाही तिथे हे काम होत राहते.

स्टिल्बाइट ज्या कुळातला आहे त्याला झिओलाइट म्हणतात. हे नाव १७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले. असा दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ निघाली आणि तो उकळल्यासारखा फुगला. म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या दोन शब्दांवरून त्याने ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे नाव ठेवले. दगडात पाणी कसे राहते? तर झिओलाइटची रचना आतून चाळणीसारखी असते. चाळणीची छिद्रे इतकी सूक्ष्म की त्यांत पाण्याचे रेणू मावतात. याच गुणामुळे कारखान्यात बनवलेले झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरमध्ये पाण्याचा जडपणा कमी करायला वापरतात. कोरोनाच्या काळात ऑक्सिजनसाठी आपण कशी धावपळ केली ते कोणी विसरलेले नाही. तेव्हा घरोघरी जी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची यंत्रे आणली जात होती, त्यांच्या आतही झिओलाइटच असते. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे सोडते. ज्याच्या कुळाने माणसाला श्वास दिला, तो दगड आम्ही बांधावर फेकत आलो.

अपोफिलाइट मात्र काटेकोरपणे पाहिले तर झिओलाइट नाही, पण त्यांच्याच सोबतीने सापडते. तापवले की त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून त्याला ते नाव मिळाले. जळगाव भागात त्याचे हिरवे स्फटिक मिळतात. तो हिरवा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या अंशाने येतो. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत निघणारे कॅव्हन्साइट तर जगात प्रसिद्ध आहे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर गर्द निळ्या रंगाचे गोळे, जणू कोणी निळीचे खडे ठेवले आहेत. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडले, १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण पुढे वाघोलीत जसे निघाले तसे इतरत्र क्वचितच. ओकेनाइट नावाचे आणखी एक खनिज आहे. त्याचे गोळे आपल्याकडच्या फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखे दिसतात. पाहताक्षणी हात लावावासा वाटतो, पण बोट लागले की तंतू दबतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया एका बिंदूतून कारंज्यासारख्या पसरलेल्या असतात.

हे सगळे एका ठिकाणी पाहायचे असेल तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचे संग्रहालय आहे. एके काळी नौदलात असलेले के. सी. पांडे यांनी ते २००१ मध्ये सुरू केले. माळेगाव म्हटले की आम्हा लोहेकरांना आपल्या तालुक्यातले यात्रेचे माळेगाव आठवते, जिथे घोडे आणि गाढवे विकायला येतात. मालेगाव म्हटले की आपल्या बिरादरीला यंत्रमागांचे मालेगाव आठवते. हे तिसरे माळेगाव दगडांचे. मुलांना घेऊन शिर्डी-नाशिककडे जाणाऱ्या वाचकांनी वाट थोडी वाकडी करावी, पैसे वाया जाणार नाहीत.

आता पुन्हा आमच्या विद्यार्थ्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. अब्बा नुकतेच कामावरून आले होते. चहा आला. अम्मी दाराआड उभ्या होत्या. खोटे बोलून चार दिवस आनंद टिकवता आला असता, पण ते आम्हाला जमण्यासारखे नव्हते. आम्ही एक लोखंडी खिळा मागवला आणि दगडाच्या फुटलेल्या बाजूला एका स्फटिकावर ओढला. पांढरी रेघ उमटली. आम्ही म्हणालो, ‘‘भाई, हिऱ्यावर खिळ्याची रेघ उमटत नाही. कठीणपणाचे दहा आकडे मानले तर हिरा दहावर आहे आणि हा चारच्या आसपासच आहे.’’

घरात शांतता पसरली. मुलाच्या अब्बांनी खिळा हातात घेऊन स्वतः एक रेघ ओढून पाहिली. मग हसून म्हणाले, ‘‘मास्टरसाब, हिरा निघाला असता तर झोपच उडाली असती. चला, झोप तरी वाचली.’’ पण अम्मी आत निघून गेल्या. त्या हसण्यामागचा आणि त्या निघून जाण्यामागचा अर्थ प्रत्येक गरीब घराला कळतो.

आम्हाला आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती अधिक अवघड होती. जगभरात असे लोक आहेत जे हे दगड हौसेने जमवतात. अमेरिकेत टूसॉन शहरात दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत खनिजांचे मोठे प्रदर्शन भरते आणि तिथे महाराष्ट्रातले स्फटिक विकायला असतात. हे शौकीन लोक दगड घासून, कापून वापरत नाहीत. जसा खडकात वाढला तसा, अखंड, एकही टोक न मोडलेला असावा, यालाच सगळी किंमत. परातीएवढा तो सबंध दगड कापसात गुंडाळून जपला असता तर कदाचित त्याला चांगला गिऱ्हाईक मिळाला असता. चार तुकडे झाल्यावर फार काही उरले नव्हते. चौघांच्या इमानदारीनेच त्याचे मोल घालवले होते.

हे सांगावे की सांगू नये? आम्ही सांगितले. उद्या दुसऱ्या विहिरीत अशीच पोकळी उघडली तर त्यांना माहीत असावे म्हणून सांगितले. अब्बा थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘आम्हाला फोडायचे माहीत. जपायचे कोणी शिकवले नाही.’’ हे वाक्य आम्ही शिक्षक म्हणून आमच्या नावावर लिहून घेतले आहे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीही असेच झाले होते. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी भोर घाट फोडला गेला. १८६३ साली तो मार्ग खुला झाला. बोगदे खोदताना खडकाच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक सापडले आणि त्यांतले काही विलायतेच्या संग्रहालयांत पोचले. त्या घाटात हजारो मजूर अपघाताने आणि रोगराईने मेले. काचेच्या कपाटात दगडापुढे जी चिठ्ठी असते, तिच्यावर दगडाचे नाव असते, ठिकाणाचे नाव असते. ज्याच्या हाताने तो पहिल्यांदा उजेडात आला त्याचे नाव नसते.

बरकतीच्या दगडाविषयीही बोलणे भाग आहे, कारण हा धंदा आपल्या वस्त्यांमध्ये जोरात आहे. आमच्या मरहूम अब्बांच्या बोटात अकीकची अंगठी होती. गुजरातमधल्या रतनपूरचा अकीक खंबातच्या कारागिरांकडे जातो, तिथे तापवून त्याचा लाल रंग खुलवतात. तोही याच लाव्हाच्या खडकांच्या पोकळ्यांत तयार झालेला. ह. पैगंबर मुहम्मद (स.) चांदीची अंगठी वापरत, हे सर्वांना माहीत आहे. अंगठी घालण्यात, दगड आवडण्यात काही गैर नाही. पण दगड रोजी देतो, दगड नजर काढतो, दगड नशीब फिरवतो असे मानणे ही वेगळी गोष्ट आहे. ह. उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदपुढे उभे राहून काय सांगितले ते आठवा. तू एक दगड आहेस, कोणाचे नुकसान किंवा फायदा करणे तुझ्या हातात नाही, केवळ पैगंबरांना तसे करताना पाहिले म्हणून मी तुला चुंबितो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जगातल्या सर्वांत सन्माननीय दगडाविषयी ही भूमिका, मग पाचशे रुपयांच्या खड्याची काय कथा!

आपल्या पूर्वजांनी दगडांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. अल-बेरूनी यांना आपण भारतावरच्या ग्रंथामुळे ओळखतो. त्यांनीच रत्ने आणि धातूंवर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि वेगवेगळी रत्ने सारख्याच आकारमानाची घेतली तर कोणते किती जड भरते हे पाण्याच्या साहाय्याने मोजले. त्या काळी एक समज होता की पाचू दाखवला की सापाचे डोळे फुटतात. मोठमोठ्या लेखकांनी तो लिहून ठेवला होता. अल-बेरूनींनी वाद घातला नाही. त्यांनी एक साप घेतला, त्याच्या गळ्यात पाचूची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले आणि हे नऊ महिने, थंडीत आणि उन्हाळ्यात, करून पाहिले. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही. हजार वर्षांपूर्वीच्या एका मुसलमान विद्वानाने हे केले. आम्ही त्यांचे नाव अभिमानाने घेतो आणि फिरत्या खडेवाल्याला एकही प्रश्न विचारत नाही.

कुरआनात सूरह फातिरमध्ये पर्वतांमधल्या पांढऱ्या, लाल आणि गडद काळ्या पट्ट्यांकडे लक्ष वेधले आहे. लगेच माणसे, प्राणी आणि गुरे यांच्या रंगांच्या वैविध्याचा उल्लेख येतो. आणि त्याला जोडूनच असे सांगितले आहे की अल्लाहची खरी भीती बाळगणारे ते त्याचे ज्ञान असलेले बंदेच असतात. ही आयत आम्ही कित्येकदा वाचली होती. डोंगराचे रंग आणि ज्ञान या दोन गोष्टी शेजारी-शेजारी का आल्या, हा विचार त्या डब्यातल्या दगडाने पहिल्यांदा करायला लावला. दगडाला पुजू नये हे आपण शिकलो. दगडाकडे पाहूच नये असे कोणी शिकवले नव्हते, ते आपणच धरून बसलो.

चहा संपल्यावर मुलाच्या अब्बांनी एक प्रश्न विचारला, जो आमच्या मनातही आला नव्हता. ‘‘मास्टरसाब, विहीर दुसऱ्याची, शेत दुसऱ्याचे. हा दगड आम्ही न सांगता आणला. तो आमचा कसा?’’ हिरा नाही हे कळल्यावर विचारलेला हा प्रश्न होता, म्हणून कोणी हसेलही. आमच्या मते त्याची किंमत त्यामुळे कमी होत नाही. आम्ही म्हणालो, मालकाला जाऊन सांगा. दुसऱ्या दिवशी चौघे मिळून गेले. शेतमालक खळखळून हसला. म्हणाला, ‘‘अरे, दगडच आहेत ना? न्या की. मला पाणी लागले म्हणजे झाले.’’

त्यानंतर मुलाने वर्गात विचारलेला प्रश्न आम्ही अजून विसरलो नाही. ‘‘सर, हिरा नाही म्हणजे सगळे फुकटच गेले ना?’’ आम्ही उत्तर दिले नाही. त्याच्या अब्बांना आणि उरलेल्या तिघांना निरोप पाठवला की आठवडाभर आपापला तुकडा शाळेत द्या, परत मिळेल. तिघांनी दिले. चौथा तुकडा त्या खडेवाल्याने आधीच नेला होता. तीन तुकडे आम्ही टेबलावर एकमेकांना लावून ठेवले. एका बाजूला खाच राहिली, तरी पोकळीचा गोल आकार ध्यानात आला. मुले रांगेने आली. कोणी पेंढ्या मोजल्या. कोणी भिंग आणले. एका मुलीने घरून आणलेल्या बेसाल्टच्या तुकड्यातल्या पांढऱ्या ठिपक्यावर सिरक्याचा थेंब टाकला. त्यातून बारीक बुडबुडे निघाले, म्हणजे ते कॅल्साइट होते. आतापर्यंत वाटेवर लाथाडलेले दगड त्या आठवड्यात वर्गात जमा झाले. घरून शाळेपर्यंतचा रस्ता मुले खाली पाहत चालू लागली.

आठवड्यानंतर तुकडे परत दिले. मुलाच्या अब्बांनी मात्र आपला तुकडा परत घेतला नाही. म्हणाले, ‘‘शाळेतच राहू द्या. पोराचे नाव लिहा.’’ आम्ही चिठ्ठी तयार केली. स्टिल्बाइट व अपोफिलाइट, तालुका लोहा, जिल्हा नांदेड. त्याखाली मुलाचे नाव नाही, अब्बांचे नाव लिहिले. आणि त्याच्या पुढे ‘विहीर खोदताना काढले’ असे लिहिले. मुलाला ते अधिक आवडले.

वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या भागात विहीर, रस्ता किंवा पाया खोदला जात असेल आणि खडकात चमकणारी पोकळी दिसली, तर घण घालण्याआधी थांबा. आधी जागेच्या मालकाला विचारा. सुरुंगाच्या जागी आणि चालू खाणीत मुलांना कधीच जाऊ देऊ नका. दगड भोवतालच्या खडकासकट मोकळा करा, कापसात किंवा जुन्या कपड्यात गुंडाळा आणि जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. बरकतीच्या नावाने कोणी मागायला आला तर आधी खिळा काढा.

त्या बहिणीचे लग्न अजून व्हायचे आहे. कर्जही आहेच. विहिरीला मात्र आठव्या परसाला पाणी लागले.